भोंग्याची तार व इतर मालमत्ता

मी, शेवटच्या पानावर सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा होड्यांच्या मोटरी दुरुस्त करणे, राहणार धक्क्यामागच्या उतारावरचं दुमजली घर, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाहीत आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आज वार कोणता ते विचारलं. मी आयुष्यात काय काय करून ठेवलं आहे ते विचारलं नाही, म्हणून दाखला लगेच मिळाला.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात खोटं काही नव्हतं. पण ते वाचून कोणालाही वाटलं असतं की मी एक भला माणूस होतो, आणि तसं वाटू देऊन मला जाता येणार नाही.

मला बायको-मुलं नाहीत. आई-वडील लहानपणीच गेले आणि मला थोरल्या बहिणीने, ताईने, वाढवलं. ती आठ वर्षांपूर्वी वारली. तिचे यजमान, आमचे दाजी, पूर्वी प्रवासी होडी चालवायचे. आता शहात्तर वर्षांचे आहेत आणि माझ्याच घरात खालच्या खोलीत राहतात. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, दुसऱ्या शहरात एका छापखान्यात नोकरीला आहे. वय एकेचाळीस. ती आपल्या वडिलांशी बावीस वर्षं बोललेली नाही. माझ्याशी बोलते. दर रविवारी फोन करून "मामा, जेवलास का?" विचारते. खरं तर तिने माझ्याशी बोलणं टाकायला हवं होतं आणि वडिलांना जेवलात का विचारायला हवं होतं. ते का, हे चौथ्या कलमात येईल. आधी सोपी कामं उरकून घेतो.

कलम १. हत्यारं

माझ्या कार्यशाळेतले सगळे पाने, ड्रायव्हर, पुलर, टॉर्क पाना, भिंतीवरच्या फळीसकट, धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या मिस्त्रीला द्यावेत. त्याला सगळे पक्कड म्हणतात, कारण तो कुठलाही बोल्ट पकडीनेच सोडवायला बघतो. त्याने बोल्टांची डोकी गोल करून ठेवायची आणि मी ती शिव्या देत काढायची, असा आमचा चाळीस वर्षांचा संसार झाला. गिऱ्हाइकांपुढे मी त्याची यथेच्छ टिंगल केली. तो मोटर उघडतो ती परत बंद करायला विसरतो, असंही मी पसरवलं. ते एकदाच घडलं होतं.

हे कलम वाचून धक्क्यावर म्हणतील की माझं डोकं फिरलं. त्यांना डॉक्टरांचा दाखला दाखवावा. पक्कडने माझा तेरा नंबरचा पाना एकोणतीस वर्षांपूर्वी 'दोन मिनिटांत आणून देतो' म्हणून नेला होता. तो आधी आणून संचात ठेवावा आणि मग पूर्ण संच घेऊन जावा. अट नाही, विनंती आहे. त्याची माफी मागायची आहे, ती कशाबद्दल हेही पुढे येईल.

कलम २. वही

निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे, वर 'मोटर तापणे' असं लिहिलेलं. ती धक्क्यावरच्या होडीवाल्यांच्या खोलीत दाराशेजारच्या खिळ्याला टांगावी. कपाटात ठेवू नये, कपाटात गेलेलं कोणी वाचत नाही.

वहीत काय आहे ते थोडक्यात इथेही लिहितो, कारण वह्या भिजतात. या मोटरी बाहेरचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतात. खाली पंपात एक रबरी चक्री फिरते, ती पाणी वर ढकलते, पाणी सिलिंडरांभोवती फिरून बाहेर पडतं. त्यातलं थोडंसं बाजूच्या भोकातून धार होऊन पडतं. होडीवाला त्या धारेकडे बघून ओळखतो की पंप चालू आहे. मोटर तापली तर आधी खालची जाळी बघा, पिशवी किंवा शेवाळ अडकलेलं असतं. मग धारेचं भोक तारेने साफ करा, त्यात किडे घरं करतात. मग थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर उघडणारी पाण्याची झडप, काढून पातेल्यात पाणी तापवून त्यात टाका. नीट असेल तर तो तुमच्या डोळ्यांदेखत उघडेल, नसेल तर मिठाने धरलेला आहे, बदला. मग पंप उघडा आणि चक्रीच्या पात्या मोजा. कमी भरल्या तर उरलेल्या सापडेपर्यंत मोटर बंद करू नका, म्हणजे झाकण लावून गिऱ्हाइकाला देऊ नका. आणि हात लावून बघायचा तर दोन्ही सिलिंडरांना लावा.

शेवटची दोन वाक्यं वहीत लाल शाईत आहेत. ती मी नंतर लिहिली. माहीत मात्र मला तेव्हाही होती.

कलम ३. बँकेतली ठेव

जी असेल ती दाजींच्या औषधपाण्यासाठी. त्यांच्या हृदयाची एक झडप गेल्या वर्षापासून नीट मिटत नाही. ते हसत म्हणतात, "तुझ्याकडे असेल ना रे एखादी जुनी?" मी हसत नाही, म्हणून ते मला खडूस म्हणतात.

कलम ४. भोंग्याची तार

दोन दिवस मी हा आकडा कागदावर घालून उठून गेलो आहे. आज उठणार नाही.

दाजींची होडी धक्क्यावरून पलीकडच्या किनाऱ्याला माणसं नेत असे. मागे चाळीस हॉर्सपॉवरची जुनी मोटर, दोन सिलिंडर एकावर एक. आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. बावीस वर्षांपूर्वी ती अर्ध्या वाटेत तापायला लागली. अशा मोटरीला हेडवर, म्हणजे सिलिंडरांच्या टोपणावर, एक सेन्सर असतो. ती तापली की तो भोंगा वाजवतो. भोंगा वाजला की दाजी मोटर बंद करायचे, प्रवासी कुरकुरायचे, दाजी त्यांना हवापाण्याच्या गप्पा सांगायचे आणि मोटर निवली की पुढे जायचे. दाजींनी भोंगा वाजत असताना मोटर दामटली, असं एकदाही झालं नाही. हे वाक्य मी शपथेवर लिहीत आहे.

ते माझ्याकडे तीनदा आले. पहिल्यांदा जाळीला पिशवी सापडली. दुसऱ्यांदा धारेचं भोक तुंबलेलं निघालं. तिसऱ्यांदा मी सकाळी सकाळी दहा माणसांच्या समोर छाती काढून सांगितलं, "जेवायच्या आत मोटर देतो, ठणठणीत." त्या दहांत पक्कड होता.

पंप उघडला. चक्रीला सहा पात्या असतात, हिच्या चारच होत्या. तुटलेल्या दोन पाण्याबरोबर वर कुठेतरी जाऊन बसल्या होत्या. त्या शोधायच्या म्हणजे हेड उघडायचं, गंजलेले बोल्ट तुटायचे, दिवस मोडायचा आणि पक्कडला महिनाभर पुरेल एवढं हसू मिळायचं. मी स्वतःची समजूत घातली की गेल्या असतील बाहेर वाहून. नवी चक्री बसवली. मोटर सुरू केली आणि अशी जाड धार पडली की मी दाजींच्या पाठीवर थाप मारली. "बघा धार! आता शंभर वर्षं बघायला नको."

दहा मिनिटांनी भोंगा ओरडला.

पक्कड धक्क्यावर पाय सोडून चहा पीत बसला होता. "मिस्त्री, भोंगा ओरडतोय."

"मला कान आहेत."

"मग ऐक की त्याचं."

मी खालच्या सिलिंडरला हात लावला. गरम होता, पण हात टेकत होता. वरच्याला लावला नाही. लावला असता तर तळव्याची सालटी निघाली असती आणि पुढचं काही झालं नसतं. मी ठरवून टाकलं: धार चांगली आहे, हात टेकतोय, म्हणजे भोंगाच खोटा. सेन्सरवरची तार उपसली, टोकाला टेप गुंडाळली आणि झाकणाच्या आत दडपली. भोंगा गप्प झाला. पक्कडने खांदे उडवले आणि चहा संपवला.

"झालं का रे?" दाजींनी विचारलं.

"झालं. सेन्सर वेडा झाला होता."

"आता नाही ना ओरडणार?"

"नाही ओरडणार."

त्या दिवशी मी हे एवढंच खरं बोललो. तार काढली आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. आठवडाभरात नवा सेन्सर आणून गुपचूप लावू, म्हणजे कोणाला कळायलाच नको, असा माझा बेत होता. सांगितलं असतं तर त्यांनी प्रत्येक फेरीला झाकण उचलून हात लावून पाहिला असता. तसा माणूस आहे तो.

चौथ्या दिवशी दुपारी, ओहोटीचा जोर असताना, पुलाजवळ मोटर जाम झाली. धार शेवटपर्यंत चांगली पडत होती, भोंगा गप्प होता. पाण्याने होडी ओढून पुलाच्या खांबाकडे नेली. होडीत चौदा माणसं होती आणि माझी भाची होती, एकोणीस वर्षांची. ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. ब्रश धरला की ओळ न आखता अक्षरं सरळ यायची तिची. होडी खांबावर आपटणार हे पाहून तिने ती ढकलायला हात बाहेर काढला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. बाकीच्यांना खरचटलंसुद्धा नाही.

मी दुसऱ्या होडीने पोचलो. तिला आमच्या होडीत घेत होते तेवढ्यात मी म्हातारीचं झाकण उघडलं. सगळ्यांना वाटलं मी मोटर बघतोय. मी टेप सोडली, तार परत सेन्सरवर बसवली आणि झाकण लावलं. भर दुपारी, पंधरा माणसांच्या देखत. कोणाला काही दिसलं नाही, कारण सगळे तिच्या हाताकडे बघत होते. मी नव्हतो बघत.

दोन दिवसांनी तपासणीचे साहेब आले. त्यांनी भोंगा वाजवून पाहिला, तो खणखणीत वाजला. "आधीपासून चालू होता?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "चालू होता साहेब." दाजींचा परवाना रद्द झाला. कागदावर लिहिलं गेलं की चालकाने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं.

दवाखान्यात मी मोसंब्यांची पिशवी घेऊन कॉटच्या पायाशी उभा होतो. भाची दाजींना म्हणाली, "बाबा, ऐकू आला नाही, की ऐकूनही दामटलीत? एकदा खरं सांगा."

"वाजलाच नाही गं."

"साहेबांनी वाजवून पाहिला!"

"मला काय माहीत. वाजला नाही एवढं खरं."

ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बोटं गेली त्याचं मी सोसेन. पण तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोलताय." त्यानंतर ती त्यांच्याशी बोललेली नाही. मी तिथेच मूग गिळून उभा होतो. नंतर मी मोसंबी सोलली.

पुढचं याहून वाईट आहे. वर्षभर सगळ्यांनी वेड्यात काढल्यावर दाजींना स्वतःचाच भरवसा वाटेना. "वाजला असेल बाबा, मलाच ऐकू आला नसेल," असं म्हणायला लागले. ताईने मला सांगितलं, यांना कानाच्या डॉक्टरकडे ने. मी नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि दाजी बाहेर बसले असताना मला सांगितलं, कान ठीक आहेत. मी बाहेर येऊन म्हणालो, "थोडं कमी येतं म्हणतायत." दाजींना केवढं बरं वाटलं! कारण मिळालं ना. मीच त्यांना कानात घालायचं यंत्र आणून दिलं. गरज नसलेलं ते यंत्र एकवीस वर्षं ते रोज सकाळी दाढी झाल्यावर कानात घालतात. भाचीला ही बातमी मीच फोनवर सांगितली, तर ती म्हणाली, "आता बहिरेपणाचं सोंग का!"

ताई जाताना माझा हात धरून म्हणाली, "यांना सांभाळ. कान गेलेत यांचे." मी हो म्हणालो. तेव्हापासून मी त्यांना सांभाळतो आणि सगळा धक्का माझं कौतुक करतो. मेहुण्याला असा सांभाळणारा भाऊ दुसरा दाखवा म्हणतात. ते ऐकून मान खाली घातली की लोकांना तो विनय वाटतो.

म्हातारी भंगारात निघाली तेव्हा मी ती उचलून आणली आणि हेड उघडलं. रबराचे दोन तुकडे वरच्या सिलिंडरच्या पाण्याच्या वाटेत गच्च बसले होते. ते तुकडे आणि चार पात्यांची चक्री कार्यशाळेतल्या वरच्या कप्प्यात पत्र्याच्या डब्यात आहेत. जोडून पाहावेत, बरोबर बसतात. हा डबा मी भाचीला देतो. तिचे वडील तिच्याशी कधीही खोटं बोलले नाहीत, याचा माझ्याकडे एवढाच पुरावा आहे.

पक्कडची माफी यासाठी की नंतर तो एकदा मला म्हणाला होता, "मिस्त्री, त्या दिवशी भोंगा एकदम गप्प कसा झाला रे?" मी चारचौघांत त्याला दारुडा म्हणालो. तो थेंबही घेत नाही. पण लोकांनी माझं ऐकलं, कारण माझे बोल्ट गोल होत नसत.

भीती होती म्हणून मी पहिल्या दिवशी गप्प बसलो. नंतर प्रत्येक दिवशी कालच्या दिवसाचं ओझं वाढत गेलं आणि आज सांगितलं तर काल का नाही, हा प्रश्न मोठा होत गेला. याहून चांगलं कारण मी बावीस वर्षं शोधलं. नाही सापडलं.

कलम ५. घर

घर भाचीला. दाजींना हयात असेपर्यंत खालची खोली.

इथपर्यंत लिहून मी हे कागद वकीलबाईंकडे नेले. पुढचं त्यांच्याकडून परत आल्यावर लिहिलेलं आहे. त्या म्हणाल्या एका मृत्युपत्रात एवढी हकिगत कोणी लिहीत नाही, पण कायद्याने मनाईही नाही.

त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "काका, हे तुम्ही गेल्यावर उघडायचं?"

"हो. मृत्युपत्र आहे ना."

"आणि दाजी तुमच्या आधी गेले तर?"

मी म्हणालो, डॉक्टर म्हणतात जपलं तर अजून काही वर्षं जातील.

"म्हणजे त्यांनी मरेपर्यंत बहिरं राहायचं, लेकीने त्यांना खोटारडं समजत राहायचं, आणि मग तुम्ही सावकाश मेलात की आम्ही पाकीट फोडायचं. हे चौथं कलम मग कुणाच्या कामाचं?"

वयाने ती माझ्या भाचीएवढी असेल. मला वाटत होतं मी मोठं धाडस करून लिहिलं आहे. मी पुन्हा तार उपसून आत दडपत होतो, एवढंच. कागद परत घेतले आणि तडक घरी आलो.

दाजी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी चौथं कलम त्यांच्या हातात दिलं आणि समोर उभा राहिलो. बसायचं धाडस झालं नाही. ते वाचायला सावकाश आहेत, बोट फिरवत वाचतात. मधेच एकदा बोट थांबलं, ते बराच वेळ तिथेच राहिलं. कानाच्या डॉक्टरांचा भाग होता तो.

"म्हणजे मी बहिरा नाही?"

"नाही दाजी."

"काहीच नाही?"

"वयाच्या मानाने असेल थोडं. तेव्हा तर काहीच नव्हतं."

त्यांनी यंत्र कानातून काढलं, तळहातावर ठेवून पाहिलं आणि पेपरवर ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एकवीस वर्षं मी माणसांच्या ओठांकडे बघून बोललो रे," ते म्हणाले. "तुझ्या ताईची माफी मागत राहिलो. पोरीला ऐकू आला नाही गं, ऐकू आला नाही गं, अशी पत्रं घातली. आणि तू पोस्टात टाकायला न्यायचास ती."

"हो."

"टाकलीस तरी का?"

"टाकली. सगळी टाकली."

"मेहेरबानी," ते म्हणाले. यंत्र उचलून सदऱ्याच्या खिशात टाकलं. मग म्हणाले, "तिला बोलाव. पण सांगायचं तू. मी सांगितलं तर तिला वाटेल म्हातारा अजून बाता मारतोय."

मला त्यांनी माफ केलेलं नाही, हे इथे नमूद करतो. मी माफी मागितलीही नाही. मागायची सवय नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं की ती मिळाली असती तर मी लगेच मोकळा होऊन फिरायला लागलो असतो, मी मला ओळखतो.

भाची परवा सकाळच्या गाडीने आली. कार्यशाळेत स्टुलावर बसून तिने हे सगळं वाचलं, पानं डाव्या हाताने उलटत. मी डबा समोर ठेवला. तिने दोन्ही तुकडे चक्रीला लावून पाहिले. उरलेल्या दोन बोटांनी एक तुकडा धरताना तो खाली पडला, मी उचलायला वाकलो तर म्हणाली, "राहू दे."

वाचून झाल्यावर तिने विचारलं, "मी फोनवर बाबांना सोंगाडे म्हणाले, तेव्हा तू काय म्हणालास आठवतं?"

"नाही."

"म्हणालास, जाऊ दे गं, म्हातारा आहे. समजून घे." ती उठली. "बाबा कुठे आहेत?"

"खालच्या खोलीत."

ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा."

लहानपणापासून ती मला तू म्हणत आली. रडताना, भांडताना, फोनवर, सगळीकडे तू. त्या 'तुम्ही'बद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण तक्रार करायचा मला हक्क नाही. मी थांबलो. खोलीचं दार आतून लावलेलं होतं. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही आणि ते माझ्या मालकीचं नाही. दुपारी उशिरा दार उघडलं तेव्हा दाजी बाहेर आले आणि मला म्हणाले, "चहा टाक. तिघांचा नको, दोघांचाच." मी दोघांचा टाकला.

कलम ६. उरलेलं

वकीलबाई म्हणतात की प्रत्येक मृत्युपत्रात एक शेवटचं कलम लागतं: वर ज्याचा उल्लेख राहिला असेल, किंवा वरची एखादी देणगी काही कारणाने बाद झाली तर ती मालमत्ता कोणाला. ते सगळं दाजींना.

सह्यांबाबत

हा भाग सह्या झाल्यावर, त्यांच्या वर मोकळ्या राहिलेल्या जागेत लिहिला आहे. आज सकाळी वकीलबाई स्वतः धक्क्यावर आल्या. साक्षीदार म्हणून मी डॉक्टरांना आणि पक्कडला बोलावलं होतं. पक्कड इस्त्रीचा सदरा घालून आला होता. त्याने पहिलं कलम आणि चौथं कलम उभ्यानेच वाचलं. मी त्याला 'माफ कर' म्हणालो.

"कळलं होतं मला तेव्हाच," तो म्हणाला. "पण तू दारुडा म्हणालास, मग माझं कोण ऐकणार? माझ्या सासऱ्याने सहा महिने माझं तोंड हुंगलं." मग त्याने पेन मागितलं.

वकीलबाईंनी त्याला अडवलं. "एक सांगते. ज्याला या मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याची देणगी बाद होते. तुम्ही सही केलीत तर हत्यारं गेली."

पक्कडने पेन असं पटकन खाली ठेवलं की डॉक्टरसुद्धा हसले. "मग मी कशाला करतो सही! फळीसकट आहेत ती." बराच काळ या कार्यशाळेत कोणी असं हसलं नव्हतं.

आता दुसरा साक्षीदार कोण, रस्त्यावरून कोणाला बोलवायचं, असं चाललं होतं. भाची मागे फळीला टेकून उभी होती. ती पुढे आली.

"मी करते."

"तुम्हाला घर आहे यात," वकीलबाई म्हणाल्या. "डबाही आहे. सही केलीत तर दोन्ही जातील."

"कुणाकडे?"

"सहावं कलम. तुमच्या वडिलांकडे."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दाजी दाराशी खुर्चीवर बसले होते, त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, ऐकलंत ना?"

"ऐकलं," दाजी म्हणाले.

"मग द्या पेन. यांच्या हातून मला काही नको. घर बाबांचं होऊ दे."

मी म्हणालो, "अगं, निदान डबा तरी..." वकीलबाईंनी मला हाताने थांबवलं आणि आधी तुमची सही करा म्हणाल्या. मी केली. कलम पाच आणि डब्याची देणगी आता बाद आहेत, हे मला समजलं आहे आणि मान्य आहे. पुन्हा लिहून फिरवणार नाही. घर दाजींना जाणार, हे माझ्या लिहिण्याने नाही, तिच्या सहीने झालं. वाचणाऱ्याने तसंच समजावं.

हे मृत्युपत्र लिहिणाऱ्याने आमच्या डोळ्यांसमोर, शुद्धीवर असताना सही केली, आणि आम्ही त्याच्या समोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: धक्क्यावरची कार्यशाळा
दिनांक: ११ मार्च, मंगळवार, सकाळी

लिहून देणार: (सही)
ओळख: मोटर मिस्त्री

साक्षीदार पहिला: (सही)
ओळख: डॉक्टर

साक्षीदार दुसरा: (सही, डाव्या हाताची)
ओळख: <s>लिहून देणाऱ्याची भाची</s> होडीवाल्याची मुलगी
(खाडाखोड साक्षीदाराने स्वतः केली आहे.)